फिर्यादीचं लुगडं

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं फारसं काही डोक्यात राहिलेलं नाही. राहिली ती ही एक केस. हिच्यात कुणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, आणि पेपरात एक ओळसुद्धा छापून आली नाही.

आधी माझं सांगते. माझा नवरा पोलीस शिपाई होता. तो ड्युटीवर वारला आणि अनुकंपा म्हणून खात्याने मला घेतलं. शिक्षण सातवी. त्या काळी तेवढ्यावर चाललं. ज्येष्ठतेने चढत चढत सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. कायदा मी पुस्तकात वाचला नाही, ठाण्याच्या बाकावर बसून शिकले. कलमांचे आकडे आता बदललेत, म्हणून आकडे देत नाही. माणसं बदललेली नाहीत. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यातली सगळी अजून तिथेच राहतात.

ठाणं अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या बाजूला. हद्दीत एक कोळीवाडा होता. एक दिवस सकाळची हजेरी संपते न संपते तोच तिथला एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात चेन, हातात टाईप केलेला अर्ज. म्हातारीचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. माणूस बसायच्या आधीच बोलायला लागला.

"मॅडम, माझ्या मोठ्या भावाची बायको. विधवा आहे. तिने आईला वल्ह्याच्या दांड्याने मारलं. हात मोडला."

"तुम्ही थांबा. मावशी, तुम्ही सांगा."

"आईला त्रास होतो बोलायला. मी सांगतो ना."

"हात मोडलाय त्यांचा, जीभ नाही."

मग म्हातारी बोलली. मोठ्या सुनंनं मारलं. वल्ह्याच्या दांड्यानं मारलं. ओटा नावावर कर म्हणाली. एवढी तीन वाक्यं. मी दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तीच तीन, त्याच क्रमाने. मार खाल्लेली बाई असं बोलत नाही. ती भलतंच सांगते: गॅसवर भात होता, शेजारीण दारात उभी होती, मी म्हटलं अगं सोड. मार कुठे बसला ते तिला शेवटी आठवतं. पण हे माझं मत झालं. मत स्टेशन डायरीत लिहिता येत नाही.

ओट्याचं सांगायला हवं. मच्छीबाजारात कोळीण बसते ती जागा म्हणजे ओटा. लायसन एकीच्या नावावर असतं आणि ती थकली की सून बसते. पोरी लग्न होऊन जातात, म्हणून ओटा सुनेला. मोठ्या सुनेला. हा त्यांच्यातला रिवाज. या म्हातारीने स्वतः मोठ्या सुनेला हाताला धरून ओट्यावर बसवलं होतं. पुढे मोठा मुलगा दारू पिऊन मेला. सुनेला मूल नव्हतं. ती बाजार करत राहिली, तळमजल्याच्या खोलीत सासूबरोबर राहत राहिली. धाकटा वरच्या मजल्यावर. त्याच्या बायकोला मासळीचा वास सहन होत नव्हता, तिने ओट्यावर बसायचा प्रश्नच नव्हता. धाकट्याला ओटा भाड्याने द्यायचा होता आणि खालची खोली मोकळी करून हवी होती. मधे ही एक बाई होती. नवरा नाही, मूल नाही. त्याच्या हिशेबात ती कुणाचीच नव्हती.

गुन्हा आम्ही नोंदवला. हाड मोडल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं आणि फिर्यादी समोर बसली होती. दखलपात्र गुन्हा सांगितला की नोंदवावाच लागतो. गुन्हा नोंदवला म्हणजे आरोप खरा धरला असं होत नाही. हे लोकांना कळत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही पुष्कळदा कळत नाही. म्हातारीला आधी हाडवैद्याकडे नेली होती, तिथे ना चिठ्ठी ना चपाटी. इस्पितळात नेली ती नंतर, धाकट्याने सगळं ठरवल्यावर. तिथल्या डॉक्टरने लिहिलं, "मारहाण झाल्याचे रुग्ण सांगते." रुग्ण सांगते म्हणजे बरोबर आलेला मुलगा सांगतो.

दुपारनंतर मी सुनेला आणायला बाजारात गेले. ती सुरमईचे तुकडे करत होती. मला बघून थांबली नाही. गिऱ्हाइकाची सुरमई पुरी केली, हात धुतले, ओट्यावर ओलं गोणपाट टाकलं, शेजारणीला म्हणाली, "बघ गो जरा," आणि चालायला लागली. रडणं नाही, ओरडणं नाही. ठाण्यात त्याचाही अर्थ वाईटच काढला गेला. एक शिपाई म्हणाला, "बघा, कशी दगडासारखी आहे." रडली असती तर म्हणाला असता, नाटक करते.

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त डोक्याला ताप नको होता. जबाब, कागद यात संध्याकाळ झाली. साहेब म्हणाले, "अटक दाखवा. सकाळी कोर्टात हजर करू."

मी म्हटलं, "साहेब, सूर्य मावळला."

"मग?"

"बाई आहे. सूर्यास्तानंतर अटक नाही."

"आता तुम्ही मला कायदा शिकवणार?"

"कायदा नाही साहेब, खिडकी दाखवते."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मला एक शिवी दिली. तोंडातल्या तोंडात दिली, पण मला ऐकू आली. "सकाळी घेऊन या," म्हणाले.

तिला सोडायला मी गेटपर्यंत गेले. मी काही तिची वकील नव्हते. पण आरोपीला त्याचा हक्क सांगणं हे पोलिसांचंच काम आहे. आम्ही ते करत नाही ही गोष्ट वेगळी. मी तिला सांगितलं, माहेरी पळू नकोस. पळालीस की खोटा आरोप खरा वाटायला लागतो. उद्या कोर्ट उघडायच्या वेळेला दारात उभी राहा. तिथे विधी सेवेचं ऑफिस आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तुझी कमाई कोणी विचारणार नाही. त्याला सांग, अटकपूर्व जामीन टाक. दिराला फोन करून शिव्या देऊ नकोस. त्याने काही पाठवलं तर खोडू नकोस, वकिलाला दाखव. न वाचता कशावर सही नाही. आणि खोली सोडू नकोस. सासरच्या घरातून बाईला कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी बाहेर काढू शकत नाही, विधवा असली तरी. एकदा आपल्या पायाने बाहेर पडलीस, तर परत आत जायला वर्षं लागतील.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ओट्याचं काय?"

"आधी स्वतः तुरुंगाबाहेर राहा. मग ओटा."

"ओटा गेला तर बाहेर राहून काय करू?"

मी तिला विधी सेवेच्या ऑफिसचा पत्ता कागदावर लिहून दिला.

सकाळी ती कोर्टात गेली. वकीलीण तरुण होती, पण तरतरीत निघाली. तात्पुरता अटकपूर्व जामीन झाला. अटी दोन. बोलावलं की ठाण्यात हजर राहायचं, आणि फिर्यादीला भेटायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. अट मोडली तर जामीन रद्द. कागदावर हे सोपं दिसतं. तोवर धाकट्याने म्हातारीला वर आपल्याकडे नेलं होतं. आरोपी खाली, फिर्यादी वर, मधे एक लोखंडी जिना. त्यातच त्याने ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणातही आईच्या नावाने अर्ज टाकला, की ही सून छळते, हिला घराबाहेर काढा. तो कायदा म्हाताऱ्यांना मुलांपासून वाचवायला केलेला आहे. इथे मुलगाच तो म्हातारीच्या डाव्या अंगठ्याने चालवत होता.

खबर मला मासळीबरोबर मिळाली. मी त्याच बाजारात मासे घेते. तिच्या शेजारच्या ओट्यावरची बाई माझा हलवा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हातारी बंदरावर पडली. शेवाळावर पाय गेला. आम्हीच उचलली."

"मग चल, जबाब दे."

"येडी झाले काय मी? धाकटा जमातीच्या पंचांत बसतो. घरातली गोष्ट पोलिसांत नेली तर उद्या माझ्या पोरीच्या हळदीला एक बाई येणार नाय."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही गिऱ्हाईक ना माझं. शेपूट ठेवू का काढू?"

बंदरावर पडलेली म्हातारी निदान पन्नास जणांनी पाहिली असेल. मी आणि साहेब दोघांनी विचारलं. एकालाही काही दिसलं नव्हतं. कोळी वादळात परक्याच्या होडीमागे आपली होडी घालतो, हे मी ऐकून आहे. साक्षीला मात्र कोणी येत नाही. अर्थात आमच्या चाळीत तरी कोण येतं.

सून ठरल्याप्रमाणे हजेरीला यायची. मी तिला समोर बसवून विचारलं.

"मारलंस?"

"नाय."

"मग सासू कशी पडली?"

"मी बाजारात होती. बघितलं नाय ते कसं सांगू?"

निष्पाप माणसाची हीच अडचण. त्याला काही माहीत नसतं. खोटारड्याला सगळं माहीत असतं.

"सासूशी भांडण होतं?"

"रोज."

"कशावरून?"

"कालवणात मीठ. तिना जास्त लागतं, डॉक्टर नको बोलतो."

"जामीन झाल्यावर तिच्याशी बोललीस?"

तोवर ती माझ्या डोळ्यांत बघून बोलत होती. आता तिने मान वळवली. "नाय," म्हणाली. हे खोटं होतं, मला लगेच कळलं. मग मलाच शंका आली. जिन्यावरून वर जाऊन ही म्हातारीला दम देते की काय?

म्हणून मी म्हातारीचा पुरवणी जबाब लावला. धाकटा तिला घेऊन आला आणि शेजारी खुर्ची ओढून बसला. बाईचा जबाब बाईच घेणार म्हणून मी त्याला बाहेर बसवलं आणि दार लावलं. पंखा सुरू केला, चहा मागवला. म्हातारी डाव्या हाताने कप धरून बसली होती. मी कागद घेतला आणि तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी खटकत होतं. मग कळलं.

म्हातारी लुगड्यात होती. कोळणीचं लुगडं, गुडघ्यापर्यंत, कमरेला आवळून गाठ, मागे काष्टा असा घट्ट की दिवसभर मासळीत वाकलं तरी सुटायचा नाही. वर खांद्यावरून फडकी. फिर्याद द्यायला आली तेव्हाही अशीच आली होती. मी स्वतः नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी. एका हाताने लुगडं नेसता येत नाही. गाठ मारायला दोन हात लागतात, काष्टा ओढायला दोन हात लागतात.

"मावशी, आज लुगडं कोणी नेसवलं?"

"मीच नेसले."

"एका हाताने?"

"सवय हाय."

"बरं. दार बंद आहे. सोडा आणि नेसून दाखवा."

तिने कप खाली ठेवला. गाठीला हात लावला आणि तसाच ठेवला.

"धाकटी सून नेसवते?"

"ती?" म्हातारीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "ती ड्रेसवाली. तिची ओढणी धड राहात नाय."

"मग मुलगा नेसवतो?"

"शी! काय बोलता बाई!"

"मग कोण?"

म्हातारीने कप पुन्हा उचलला. मी तिचा चहा संपू दिला. चौकशीत आरडाओरड करणारे पोलीस मी पुष्कळ पाहिले. गप्प बसायला जास्त दम लागतो.

शेवटी म्हणाली, "मोठी."

"केव्हा?"

"सकाळी. वरची उठायच्या आधी मी खाली जाते."

"फिर्याद द्यायला आलात, त्या दिवशी?"

"तिनंच."

"तिला काय सांगितलंत?"

"डॉक्टरकडं चालले बोलले."

मला या खुर्चीवर बसून पुष्कळ घाणेरड्या गोष्टी ऐकायची सवय होती. पण ही ऐकून मी पेन खाली ठेवलं. "जिने तुमचा हात मोडला म्हणता, तिच्या हातात रोज कंबर देता?"

"मग कोणाच्या देऊ? परका हात कमरेला चालत नाय मना."

"आणि तिला तुरुंगात घालता?"

"पोरगा बोलला, दोन दिवस ठेवतील, मग ती माहेरी जाईल."

"ती गेली असती तर लुगडं कोणी नेसवलं असतं?"

याचा विचार तिने केला नव्हता. मुलानेही केला नव्हता. आई रोज सकाळी तयार होऊन समोर येते, ती कशी होते, हे घरातल्या पुरुषाला कधी दिसत नाही.

"ती बिचारी चांगली हाय," म्हातारी म्हणाली. "पण ती आज हाय. उद्या दुसरं लगीन करील. पोरगा कुठं जाईल? मेल्यावर पाणी कोण देल मना?"

आता सुनेचं खोटं मला कळलं. तिच्या निर्दोषपणाचा एकच पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजेच जामिनाची अट मोडणं. सांगितलं असतं तर आत गेली असती. न सांगितलं तरी पुढे आत गेली असती.

जबाब मी लिहिला. शेवाळावर पडल्याचं, मुलाने सांगितल्याचं, आणि फिर्यादी आपण होऊन खाली जाते हे मुद्दाम तिच्याच शब्दांत घातलं. वाचून दाखवला, अंगठा घेतला. धाकट्याला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने माझ्याविरुद्ध वर तक्रार केली की पोलीसबाईने आईला दमदाटी केली, कपडे उतरवायला सांगितले. म्हणजे आता खोटा आरोप माझ्यावर. माझी खात्याची चौकशी लागली. आणि सुनेचा जामीन रद्द करा म्हणून त्याचा वकील उभा राहिला: आरोपी रोज फिर्यादीला भेटते, दबाव टाकते, पोलिसांच्या कागदातच आहे.

सुनावणीला मी हजर होते. धाकट्याने आईला आणली होती. मॅक्सीत. आईचं खाली जाणं बंद करायला त्याने हा उपाय काढला होता. गुलाबी फुलांची मॅक्सी, वर ओढणी. त्या बाईने जन्मात लुगड्याशिवाय घराचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. कोर्टाच्या बाहेर कोळीवाड्यातली माणसं होती, त्यांच्यासमोरून तिला तशी चालवत आणलं. ती भिंतीला पाठ घासत आली.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, ही सून वर येऊन तुम्हाला धमकावते का?"

म्हातारीने मुलाकडे बघितलं, मग स्वतःच्या मॅक्सीकडे.

"ती कशाला येल? मीच जाते तिच्याकडं. माझा हात शेवाळावर मोडला. यानं बोलायला लावलं म्हणून बोलले. आणि आज बघा याने मना काय घालून आणलाय! आखा वाडा बघतो! नागवी आणली असती तर बरं होतं!"

धाकटा "आई, आई" करत राहिला. कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. जामीन कायम झाला.

लोक मला म्हणतात, शेवटी सत्य बाहेर आलं. आलं, पण सुनेसाठी नाही आलं. म्हातारीने कोर्टात तोंड उघडलं ते सून तुरुंगात जाईल म्हणून नव्हे. मॅक्सीसाठी उघडलं. धाकट्याने त्या दिवशी कुणाकडून तरी लुगडं नेसवून आणलं असतं, तर ती तीन वाक्यं पुन्हा त्याच क्रमाने आली असती.

पुढचं थोडक्यात. मी म्हटलं, तपास बंद करताना कोर्टात 'ब' समरी पाठवा, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी होती असा शेरा. तशी गेली तर खोटी फिर्याद करणाऱ्यावर कारवाई करायला दार उघडं राहतं. साहेबांनी 'क' पाठवली, गैरसमजातून झालं म्हणून. "म्हातारीला आत टाकायचं का बाई?" म्हणाले. हात मुलाने धरला होता, पण अंगठा म्हातारीचा होता, त्यामुळे दोघं सुटले. न्यायाधिकरणातला अर्ज फेटाळला गेला. वकीलणीने सुनेला विचारलं, अब्रुनुकसानीचा दावा करायचा का, दिरावर खोट्या केसची तक्रार करायची का. तिने दोन्हीला नाही म्हटलं. राहत्या खोलीतून कोणी काढू नये, एवढाच हुकूम कोर्टाकडून घेतला. माझी चौकशी निवृत्तीच्या तोंडावर निकाली निघाली. दोषी नाही. तोवर माझी सगळी कागदपत्रं अडकून पडली होती, त्याचं कुणाला काही नाही.

मी या केसवरून शिकले ते सांगते. खोटी केस करणारे सगळे राक्षस नसतात. बहुतेक वेळा ते आपल्या हातचं खाणारेच असतात. कायदा तुम्हाला तुरुंगातून वाचवू शकतो, खोलीतून काढू देत नाही, वकील देतो, तारीख देतो. आरोप झाल्यावर रडत बसू नका आणि पळू नका, हे सगळं वापरा. ज्या बायका खरोखर मार खातात त्यांच्यासाठी हे कायदे आहेत, आणि त्या अजून ठाण्याची पायरी चढायला घाबरतात. धाकट्यासारखा एक माणूस अशा शंभरजणींवरचा विश्वास घालवतो. पण कोर्टातून सुटून आल्यावर घरात कसं राहायचं, याचं कलम नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा बाजारात गेले. ती ओट्यावर होती. लायसन अजून सासूच्याच नावावर. केस चालू होती तेवढ्यात जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली होती. मी बोंबील घेतले आणि विचारलं, "सासू कशी आहे?"

"वर हाय."

"हात?"

"बसला, पण वळत नाय. गाठ मारता येत नाय."

"मग लुगडं?"

"मॅक्सी घालते."

"तू नेसवत नाहीस?"

तिने बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिली. "तिला भेटायचं नाय अशी कोर्टाची अट होती ना, बाई? ती कोर्टाने सोडली. मी नाय सोडली."